रामनिवास बागेतला पट

११ फेब्रुवारी, मंगळवार
निघाले आमेरचा किल्ला बघायला, अडकले रामनिवास बागेत! शमिकाताई दवाखान्यात ड्युटीला गेली तशी मीही बाहेर. बससाठी बागेतून आडवी निघाले, तर संग्रहालयापुढं कबुतरं — हजारभर तरी! सगळी एकदम उडाली की टाळ्या वाजल्यासारखं होतं. तिथंच तासभर गेला. मग सांगानेरी गेटकडं कचोरीचा वास. मग बापू बाजारात मोजड्या घालून बघणं. रात्री ताई, "किल्ला कसा होता?"
"उद्या सांगते!"

१२ फेब्रुवारी
आज नक्की आमेर. — नाही.
बागेत कडुनिंबाखाली चार म्हातारे चौपड मांडून बसलेले. आपला सारीपाटच की! कापडी पट, लाकडी सोंगट्या, सात कवड्या. एक जण चक्क मराठी निघाले. दिनकरकाका, मूळचे वाईचे, इथं कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आता डोळ्यांना कवड्या दिसत नाहीत. "बस गं पोरी. किती उताण्या पडल्या तेवढं सांग."
उठले तेव्हा दीड वाजलेला!

१४ फेब्रुवारी
रोज साडेआठला हजर. मी! जिनं दोन कोर्स अर्धे सोडले! काकांचे भिडू भंवरजी. समोर रमजानचाचा आणि पोस्टातले शर्माजी. सतरा वर्षं हेच चौघं. मी दान मोजते, काकांच्या सोंगट्या सरकवते. चाचा चिडवतात, "बाईसा, मराठी में मत गिनो, बेईमानी लगती है!"
आता काका मलाच विचारतात, "कुठली चालू?" सांगितलं की म्हणतात, "का?" मग डोकं खाजवायचं. वैताग! पण मजा येते.

१६ फेब्रुवारी, रविवार
काकांची मुलगी वल्लरी त्यांना नागपूरला बोलावतेय — दोन वर्षं झाली. डोळ्यांचं ऑपरेशन तिथं करू, एकटे राहू नका. काका टाळतात. भंवरजी म्हणाले, "ये गए तो खेल ख़तम. तीन जने क्या खाक खेलेंगे? चौथा कहाँ से लाएँ, सब तो मोबाइल में हैं!"
त्या वल्लरीचा असा राग आला! मी काकांना सांगून टाकलं, "अजिबात जाऊ नका."
ते हसले. "बघू. आधी तुझी चाल कर."

१७ फेब्रुवारी
हरलो. माझ्यामुळं. भंवरजी खूप बोलले.

१८ फेब्रुवारी
चाचांची सोंगटी मारली! अगदी घराच्या तोंडाशी आलेली!! कुणाला न विचारता! चाचा कपाळावर हात मारून, "लुट गया रे!" शर्माजींनी चहा मागवला. आम्ही जिंकलो! काका सबंध डावात गप्प. मला वाटलं, डुलकी लागली.
घरी ताई म्हणाली, "शुक्रवारचं सांगलीचं तिकीट आहे ना तुझं? बॅग भर." भरते. उद्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार
काका आले नाहीत. भंवरजी म्हणाले, सकाळच्या गाडीनं गेले नागपूरला. वल्लरीला फोनही काकांनीच केला, मंगळवारी डाव संपल्यावर. खुशीत गेले. दोन वर्षं थांबले होते ते फक्त चौथा गडी मिळेपर्यंत.
"कह गए, लड़की तैयार है."
मी दहाच दिवसांची पाहुणी, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तिघंही माझ्याकडं बघत होते. मी काकांच्या जागी सरकून बसले.
तिकीट रद्द केलंय. ताईला अजून सांगितलेलं नाही.