देवदूताच्या हातातली लिली

प्रिय दादा,

अक्षर ओळखलंस ना? तीन आठवडे झाले, मी आपल्याच चर्चमध्ये आहे, वेदीमागच्या चित्रापुढे परांचीवर बसून. जुनी चित्रं साफ करणं हे माझं पोटापाण्याचं काम. नव्या फादरना मी चित्रकाराचीच मुलगी हे ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

चित्र तुला पाठ असेल. मरिया पुस्तक वाचतेय, वरून पवित्र आत्म्याचं कबुतर उतरतंय, समोर निरोप घेऊन आलेला गब्रिएल. मरियेसाठी बाबांनी मला बसवलं होतं, सोळा वर्षांची, सारखी चुळबुळणारी. गब्रिएलच्या हातात लिली, मरियेच्या निष्कलंकपणाची खूण. दोन फुलं उमललेली, एक कळी, होणाऱ्या बाळाची. पुढे मी लग्नाआधीच पोटुशी राहिले, घर सोडलं, आणि वर्षभरात आत्याने कळवलं की बाबांनी लिली पुसली. फुलं गेली, मूठ उघडली, बोट थेट माझ्याकडे. निरोप्या जाब विचारायला आल्यासारखा दिसायला लागला. वीस वर्षं ते बोट मला टोचत राहिलं. बाबांना मी एक ओळ लिहिली नाही.

परवा कापसाच्या बोळ्याला वरचा रंग लागला आणि खालून कळी वर आली. काम टाकून खाली उतरले आणि बाकावर बसून पोटभर रडले. मग उरलेल्या रंगावर भिंग धरलं. बाबा डावखुरे, त्यांचे फटकारे डावीकडून उजवीकडे खाली उतरतात. हे सगळे उलटे होते. आपल्या घरात दुसरा कुंचला कुणाचा होता, हे मी तुला काय सांगू? बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू, त्यांना पत्ताही लागला नसेल. तुझी सोयरीक ठरत होती ना तेव्हा? घराची अब्रू झाकायला निघालास आणि मला उघडं पाडलंस. तुझा मला मनापासून राग आलाय.

आमच्या कामात वरच्या रंगाचा एक चौकोन मुद्दाम तसाच ठेवतात, साफ करण्याआधी वर काय होतं ते पुढच्यांना कळावं म्हणून. तुझ्या रंगाचा मी नखाएवढा ठेवलाय. अहवालात ‘दुसऱ्या हाताचं काम’ इतकंच लिहिलंय.

भांडायला हे लिहीत नाहीये. बाबा गेले त्या दिवशी तू फोन केलास. म्हणालास, ‘तिला माझ्या मातीला येऊ देऊ नका, असं सांगून गेलेत.’ मी भरलेली पिशवी रिकामी केली. दादा, हे बाबा खरंच बोलले होते का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

अजून तरी तुझीच,
धाकटी