दारातून दिसलेलं रान

मंगळवार, दिवेलागण

आज चित्रकलेच्या वर्गात माझ्या धाकट्या जावेचं, शोभाचं, चित्र सगळ्यांनी वाखाणलं. दोघींनी एकच ज्वारीचं रान नुसत्या ठिपक्यांनी काढलं होतं. माझे ठिपके जास्त सुबक. मग तिचंच रान का डोललं? जळले मी, खोटं कशाला लिहू.

ती म्हणाली, "आक्का, आमचे हे दारात उभं राहून बघतात. हितं पिवळा लई झालाय म्हणतात."

दारात उभं राहून. तेच डोक्यात घोळतंय.

घरी येऊन चित्र भिंतीला टेकवलं आणि मीच दारात गेले. सगळे ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर. रान कुठलं, अंगणातली रांगोळी ती! आमचे हे जिवंत असते तर पहिल्याच दिवशी हसले असते.

शोभाच्या दारात हसणारं माणूस आहे.