थोरल्या घरचा देव

आणे,
चंपाषष्ठी

प्रिय तेजू,

खंडोबा तुला त्या परक्या मुलखात सांभाळो. तिकडं बर्फ पडतं म्हणालीस, कानाला बांधून जात जा. इकडं कांदा लावून झाला. आप्पांचा गुडघा तसाच. एवढं लिहून दिवा लावायला उठले आणि परत बसले, कारण लिहायचं ते हे नाहीच.

गेल्या वर्षी रविवारी तू फोनवरून मला कोरियातल्या कादंबऱ्या सांगायचीस. फोन डब्याला टेकवून मी बाजरी निवडत ऐकायची. एका देशाचे दोन झाले, एक भाऊ या फौजेत, दुसरा त्या. पण त्या लेखिका तोफांचं फार लिहीत नाहीत, पलीकडं राहिलेल्या लेकाचं ताट रोज मांडणाऱ्या आईचं लिहितात, हे तू सांगितलंस तेव्हा माझा हात थांबला. काही तर अमेरिकेत वाढलेल्या. लढाई पाहिलेली नाही, आजीनं चुलीपुढं सांगितलेलं लिहितात. मी विचारलं, त्या आजीला विचारलं व्हतं का गं त्यांनी? तू हसलीस. म्हणालीस, आई, लई भारी प्रश्न काढतेस. आणि पुढच्या कादंबरीकडं वळलीस.

त्या बायका मला आपल्यातल्या वाटल्या, म्हणून तुला आपलं सांगितलं. आप्पा आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाटणीत अंगणात भिंत आली, विहिरीला पाळ्या लागल्या. देव वाटता येत नाही, म्हणून खंडोबाचा चांदीचा टाक थोरल्या घरी, आपल्याकडं राहिला. रामदास भाऊजी हट्टानं नवा करीनात, आप्पा जुना दाखवीनात. मग दरवर्षी आजच्या दिवशी आप्पा आळेफाट्याच्या बाजाराला गेले की मी टाक धुतलेल्या खणात गुंडाळून दुरडीत ठेवायची आणि गोठ्यामागच्या ठेंगण्या भिंतीवरून तुझ्या गोजरकाकूच्या हातात द्यायची. ती भंडारा वाहायची, भरीत-भाकरीचा निवद दाखवायची आणि दिवस मावळायच्या आत देव परत करायची. भांडण पुरुषांचं, अबोला सगळ्या घराचा, त्यामुळं बोलणं नसायचं. पण दुरडी कधी रिकामी आली नाही. वांगी, नाहीतर हुलग्याची वाटी असायचीच. आम्हा जावांचं येणंजाणं एवढंच होतं, तेजू.

दिवाळी अंकात तुझा लेख आला. आप्पा तो मिरवत वाचनालयात घेऊन गेले. पहिली तीन पानं कोरियाची, चौथ्यावर आमची भिंत. नावं बदललीस, पण घर बदललं नाहीस. पठारावरची दोन घरं, टाक, दुरडी, सगळं जसंच्या तसं. चांगदेव गुरुजी कौतुकानं मोठ्यानं वाचत होते आणि लोक आप्पांकडं बघायला लागले. घरी येऊन आप्पा मला म्हणाले, "देव भाड्यानं देती व्हय गं? अन् पावती लेकीनं फाडली!" टाक कपाटात गेला. भाऊजींनी गोठ्यामागची भिंत पुरुषभर उंच केली.

आजही आप्पा बाजाराला गेलेत, पण कपाटाची किल्ली कनवटीला लावून. सवयीनं मी भिंतीपाशी गेले. पलीकडं बांगड्या वाजल्या. म्हटलं, "गोजरे, मी न्हाई गं जगाला सांगितलं." ती म्हणाली, "लेक तुमची, लेख तुमचा, देव बी तुमचाच, अक्का." आणि निघून गेली. तिनं आज पानावर सुपारी मांडून देव म्हणून पूजली, असं दूधवाली सारजाबाई सांगते.

काल फोनवर तू म्हणालीस, लेखाचं पुस्तक होतंय, टाकाचा फोटो पाठव. मी फोन ठेवला, म्हणून हे पत्र. फोटो मिळणार नाही. तुला चुलीपुढची आजी समजली, त्या लेखिका समजल्या. लिहून झाल्यावर त्या आजीचं काय होतं, ते तुझ्या एकाही पानात नाही. माझ्याकडं माफी मागू नकोस. काकूला पत्र लिही. आईनं हे आईच्या नात्यानं सांगितलं होतं, छापायला नाही, आणि तू न विचारता छापलंस, एवढंच लिही. अक्षर मोठं, सुटं काढ. ती चौथी शिकलेली आहे, वाचून दाखवायला तिसरं माणूस लागायला नको. माझा शब्द आता ती भिंत ओलांडत नाही. तुझ्या कादंबऱ्यांतल्या त्या दोन देशांत टपालसुद्धा जात नाही म्हणालीस. इथं पोस्टमन अजून दोन्ही दारांत येतो.

तरीही तुझीच,
आई