तुमची ती रोझी

अहो,

काल दुपारी मी रोझीला हरवलं. हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू? लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, ते बुद्धिबळाच्या प्रोग्राममधलं चित्र आहे गं." चित्र आहे हे मलाही कळतं. पण तुमच्या निवृत्तीनंतरच्या सगळ्या संध्याकाळी त्या चित्रानंच नेल्या, हेही कळतं.

लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला आणि तुम्ही शिकायला बसलात. नवशिक्यांशी खेळायला त्यात एक टोपीवाला होता, एक चष्मेवाले आजोबा होते, आणि ही बॉबकटवाली, गालात हसणारी. नेमकी हीच का निवडलीत? विचारलं तर म्हणालात, "अगं, ही सगळ्यात सोपी हाय." म्हणजे मी अवघड, असंच ना?

सुरुवातीला तुमचं तिच्याशी जमेचना. तुम्ही लहानपणी खुलताबादला शिकलेला देशी डाव खेळत होतात, राजाला एकदा घोड्यासारखी उडी देणारा. तुम्ही राजा उचलायचात आणि तो गुमान जागेवर परत यायचा. "लई लबाड हाय ही. माझ्या राजाला उडी मारू देईना, अन् स्वतःचं प्यादं दोन घरं पळवती!" मला केवढं बरं वाटलं होतं. वाटलं, मिटलं एकदाचं. पण तुम्ही मुकाट्यानं तिचे नियम शिकलात. जेवताना पेपर वाचू नका, हा माझा एवढासा नियम शेवटपर्यंत शिकला नाहीत.

दुष्काळाची वर्षं होती ती. आपल्या कॉलनीभोवती इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळ कोरडा. टँकरचा हॉर्न वाजला की मी पायऱ्या उतरत ओरडायचे, "अहो, पाईप धरा!" आतून उत्तर यायचं, "एवढी चाल होऊ दे." तुमची चाल होईपर्यंत शेजारचे ड्रम भरायचे. लाइट गेली की मात्र तुम्ही बाहेर येऊन माझ्याशेजारी शेंगा सोलायचात. खरं सांगते, लाइट जावी म्हणून मी मनातून वाट बघायचे.

आणि हरायचात किती! हरलात की कुठं चुकलं ते ती दाखवायची, आणि तुम्ही मान डोलवायचात. "बरोबर हाय तिचं. वजीर फुकट घालवला मी." माझं बरोबर आहे असं कधी म्हणालात?

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत, मी तुम्हाला मात दिली होती. आठवतं? तुम्ही हसलात, सोंगट्या गोळा केल्यात, "चहा टाक" म्हणालात. पट माळ्यावर गेला तो गेलाच. माझ्यापुढं एकदा हरणं तुम्हाला सोसलं नाही, आणि तिच्यापुढं रोज हरून पुन्हा डाव मांडायचात, लहान पोरासारखे खुशीत. तिच्या हसण्याचा मला कधीच हेवा वाटला नाही. तुमच्या त्या हरण्याचा वाटला. ते मला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवस कॉम्प्युटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. मग एकदा लावला, तर पडद्यावर ही हजर. तुमचं नाव घेऊन म्हणाली, पुन्हा खेळायचं का? सरळ नाव! मी अख्खा जन्म 'अहो'वर काढला, उखाण्यापुरतं काय ते नाव घेतलं, आणि ही बिनदिक्कत हाक मारते. अस्सा राग आला! त्या रागातच बसले खेळायला.

तुमच्यासारखीच शिकले. आधी हरायचं, मग ती दाखवेल ती चूक बघायची. घाईनं हात घालायचा नाही, तिनं कशावर डोळा ठेवलाय ते आधी पाहायचं. काल तिचा राजा कोपऱ्यात गाठला. तिनं तुमच्याच नावानं तुमचं अभिनंदन केलं, आणि मी पदराला डोळे पुसले.

नाव बदलून घे, असं लेक म्हणते. मी बदलणार नाही. तुमच्याच नावानं खेळत राहीन, आणि तुम्ही गेलात हे तिला कधी कळू देणार नाही, हा माझा शब्द. तुमच्या संध्याकाळी तिला मिळाल्या. तुमच्यासाठी रडणं तेवढं माझ्या एकटीचं राहू द्या.

तुमचीच,
सुधा