इंजिनाचा सत्कार

फुलेवाडी, कोल्हापूर
मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप चनबसाप्पाअण्णा यांना धाकट्या साडूचे शरणु शरणार्थी.

अक्कांचा गुडघा, तुमची साखर आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असावीत. (साखर खाली आणि दूध वर असेल तर उत्तमच.) इकडे आम्ही खुशाल, म्हणजे रत्नव्वा खुशाल आहे आणि मी आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलताना तुमची मेहुणी शेजारी असते, आणि तिच्यादेखत मला रडगाणं गाता येत नाही.

तुम्हाला माहीत आहे, शिरोलीच्या फौंड्रीत मी चौतीस वर्षं कास्टिंग तपासली. म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळून केलेल्या मालावर खडूनं फुली मारायची आणि चहाला जायचं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, जन्मात एक तरी वस्तू आपल्या हातची असावी. म्हणून मागच्या खोलीत जुना छोटा लेथ बसवला आणि गरम हवेचं इंजिन करायला घेतलं. नारळाएवढं. त्यात वाफ नाही, पेट्रोल नाही. पितळी नळीचं एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, दुसरं थंड ठेवायचं. आत कोंडलेली हवा गरम टोकाला फुगते, थंड टोकाला आकसते, आणि तिच्या या येरझाऱ्यांवर चाक फिरतं. एक टोक गरम आणि दुसरं थंड, एवढीच त्याची मागणी. (आमचा संसारही याच तत्त्वावर चालला आहे, पण ते असो.)

बघायला येणारा प्रत्येक जण तीनच प्रश्न विचारायचा. किती एचपी, ॲव्हरेज किती, आणि उसाला पाणी पाजतं का. मी सांगायचो, काही करत नाही, नुसतं फिरतं. त्यावर तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा, "बरं हाय की, येळ जातोय," म्हणायचा आणि रत्नव्वाच्या हातचा चहा पिऊन जायचा. आठ महिन्यांत चार पिस्टन वाया गेले. पाचव्यावरही मी सवयीनं खडूची फुली मारली होती, ती नंतर गुपचूप रुमालानं पुसली.

इकडे रत्नव्वाला तीच खोली पिठाच्या गिरणीसाठी हवी होती. गिरण येऊन सोप्यात खोक्यातच उभी होती आणि येता-जाता माझ्या कोपराला लागत होती. शेवटी आमचा करार झाला. रविवारी चार माणसांसमोर इंजिन फिरलं तर खोली माझी, नाही तर लेथ बाहेर. चार माणसं म्हणजे मी आपली शेजारची चार धरली होती. पण ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या हंबीररावांच्या कानावर गेली. हंबीरराव यंदा महापालिकेला उभे राहणार आहेत, आणि सत्काराला माणूस मिळेना म्हणून हैराण झाले होते. (दहावी पास, बारावी पास, एकसष्टीवाले, सगळे उरकून झाले होते. नापासांचा विचार चालला होता म्हणे.) शनिवारी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यावर हंबीरराव दहा फूट, मी पासपोर्टच्या फोटोएवढा, आणि इंजिन म्हणून रेल्वेचं इंजिन, धुरासकट.

रविवारी मांडव, खुर्च्या, फेटे, सगळं आलं. दीपप्रज्वलनाच्या वेळी कळलं की समई आणायचीच राहिली. हंबीररावांनी टेबलावर माझा स्पिरिटचा दिवा बघितला, "ह्यो हाय की दिवा," म्हणाले आणि काडी ओढली. मी हळूच म्हटलं, साहेब, हा शेवटी लावायचा, आतापासून लावला तर इंजिन सगळंच तापेल. ते म्हणाले, "काका, लावल्याला दिवा इझवायचा नसतोय." समोर तीनशे माणसं बसलेली, आणि निवडणुकीच्या वर्षात अपशकुन कोण पदरात घेणार? मग त्यांनी इंजिनालाच झेंडूचा हार घातला, तोही नेमका थंड टोकाला, जिथे वारा लागावा म्हणून मी बारा दिवस खपून बारा कंगोरे कापले होते. त्यानंतर भाषण. गटारी, खड्डे, पाणी, कुस्ती आणि मधे मधे विज्ञान. एक तास वीस मिनिटं. खाली दिवा जळतोय, वर झेंडू शिजतोय. मी नुसता त्या थंड टोकाकडे बघत होतो. तेही हळूहळू दुसऱ्याइतकंच तापलं, आणि अण्णा, खरं सांगतो, मला मांडवात रडू आलं. लोकांना वाटलं, काका सत्कारानं गहिवरले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी चाकाला बोट लावलं. चाक अर्धा फेरा गेलं आणि परत आलं. पुन्हा लावलं, पुन्हा परत. मागून कुणीतरी, "धक्का मारून बघा की," असा सल्ला दिला. हंबीररावांनी माइकवर, काम प्रगतिपथावर आहे, असं जाहीर केलं, चाकावर स्वतःचं बोट ठेवून फोटो काढून घेतला आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. सोमवारी पेपरात बातमी आली, फुलेवाडीत इंजिन धडधडले. मी मोठ्या आशेनं तो पेपर रत्नव्वापुढे ठेवला. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "पेपरात चाललंय न्हवं? मग पेपरातच ठेवा."

तेव्हा करार तो करार. मी शब्द मोडणार नाही. फक्त एका भाषणानं विज्ञानाचा कसा घात केला, तेवढं तुम्ही तुमच्या कोडोलीत चार जाणत्या माणसांना सांगा. अक्कांना शरणु.

तुमचा
गुरुपाद

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या गुंडूच्या टेंपोत माझा लेथ आहे. तुमच्या गोठ्याची एक बाजू रिकामी असते, तिथे उतरवून घ्या. म्हशीचा पाय लागू देऊ नका, आठवड्याला तेल द्या. तो दाराबाहेर जाताना मला बघवणार नाही, म्हणून पत्र रत्नव्वाच्या हाती देऊन मी पंचगंगेवर जाऊन बसतोय.

आणखी ता. क. तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. भाषण झालं नसतं तरी इंजिन फिरलं असतं का, मला ठाऊक नाही. त्याआधी सव्वादोन फेऱ्यांच्या पुढे ते कधी गेलंच नव्हतं. आता पुन्हा दिवा लावायची माझी छाती होत नाही. कारण यावेळी नाही फिरलं, तर दोष द्यायला हंबीररावही नाहीत.

दाजी, शरणु. मी रत्नव्वा. ह्यांनी पत्र चिकटवायला दिलं, मी वाचलं. काल दुपारी हे झोपल्यावर त्या इंजिनावरचं झेंडूचं डाग पुसाय घेतलं हुतं. ओलं फडकं त्या कंगोऱ्यांवर तसंच ऱ्हायलं, आन् मनात आलं म्हणून दिवा लावून बघितला. जरा बोट लावलं तर फिराय लागलं की. फडकं वाळंस्तवर फिरत हुतं. लई ग्वाड फिरतंय, दाजी. भांडी तशीच पडली हुती, मला उठवंना. तवा टेंपोत लेथ न्हाय, गिरण हाय. अक्काला दळणाला हुईल, लेथ घरात बघून ह्यांनी इचारलं तर ह्यास्नीबी तेवढंच सांगीन. इंजिन चालतंय ह्ये ह्यास्नी सध्या कळवू नका. ह्यास्नी कळलं की हंबीररावाला कळतंय. इलेक्शन हुंद्या, मग मीच सांगते.