शकुबाईची दाढ

धानोरा, ता. ९ एप्रिल १९५७

चि. लटारू यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू, गिरजा आणि छोटी मैना, तिघंही बरी असाल असं धरून चालते, कारण चार महिन्यांत तू एक ओळ लिहिली नाहीस, आणि आजारी माणूस सहसा लिहितो. आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजता मोजता बहिणीला विसरलास, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझ्या प्रकृतीचं विचारशील तर गळ्याच्या खाली सगळं ठीक आहे. गळ्याच्या वर जे घडलं ते सविस्तर लिहिते. वाचताना हसू नको. लिहिताना मीही हसत नाही, हसलं की अजून ठणकतं.

माझी डावीकडची खालची दाढ पौषापासून दुखत होती. दवाखान्यातला गोविंदा कंपाउंडर रोज लवंगेच्या तेलाचा बोळा द्यायचा आणि रोज म्हणायचा, "बाई, चांद्याले जा. पाच मिंटाचं काम आहे." मी म्हणायची, सवड नाही. (तशी ती नव्हतीच. या रानात बायका माझी सवड बघून बाळंत होत नाहीत.) मग एके दिवशी पलीकडच्या टोल्यावरच्या एका झोपडीत बाळंतपण चाललं असताना अशी कळ आली, की मी दाराची चौकट धरून मटकन खाली बसले. ती बाई स्वतःच्या कळा सोडून मला विचारू लागली, "तुमाले का झालं बाई? पाणी देऊ का?" चारशेवर बाळंतपणं केलेल्या सुईणीला अडलेल्या बाईनं पाणी विचारावं, याच्याइतकी शरमेची गोष्ट नाही. मी दुसऱ्या दिवशी मोटारीत बसले.

चांद्याला जटपुरा गेटाजवळ एका माडीवर डॉक्टर चिंतलवार दात काढतात. माणूस सभ्य, हात स्वच्छ, (हात मी आधी तपासले) बोलणं हळू. खुर्चीत बसेपर्यंत मी अगदी बरी होते. मग त्यांनी शेजारचं ते पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र जरा बाजूला सरकवलं, त्याचं चाक एकदा आपोआप फिरलं, आणि लटारू, मला त्या क्षणी कळलं की मी भित्री आहे. पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट माझ्यापासून कुणी लपवून ठेवली होती, देव जाणे. डॉक्टरांनी नुसतं बोट घालून दाढ चाचपली, तर मी त्या बोटाला चावले. मुद्दाम नाही, तोंड आपोआप मिटलं. ते "अरे बाप रे" म्हणेपर्यंत मी जिना उतरून गेटाबाहेर होते, एका पायात चप्पल घालून. दुसरी चप्पल माडीवर राहिली.

ती चप्पल आठ दिवसांनी मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर इकडे आली, कागदात गुंडाळून, सोबत दोन गोळ्यांची पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. अक्षर जरा वेडंवाकडं होतं, (तेच बोट असावं). त्यांनी लिहिलं होतं की भिणाऱ्या माणसांसाठी उपाय असतात, लाजायचं कारण नाही. हिरडीत सुई देऊन तेवढी जागा बधिर करता येते, पण माणूस जागा राहतो. मनाला स्वस्थता नसेल तर एक झोपेची गोळी आदल्या रात्री आणि एक माडीवर आल्यावर, त्यांच्यासमोर घ्यायची. त्यानंही भागलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला बोलावून क्लोरोफॉर्म. नागपूरला म्हणे एक गॅसही मिळतो, तो हुंगला की माणसाला दुखण्याचं काही वाटत नाही, उलट हसू येतं. गोविंदानं ही चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि "भिणाऱ्या" या शब्दावर थांबून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाटल्या धुवायला पाठवलं.

मी गोळी पसंत केली. दुसऱ्याला औषध कसं घ्यायचं हे मी पंधरा वर्षं बजावते आहे, त्यामुळे मला कुणी बजावलेलं चालत नाही. दोन्ही गोळ्या मी वाटेत मूल गावच्या स्टँडवर एकदमच घेतल्या. विचार असा, की माडी चढतानाच भीती नको. त्यानंतरचं मला सांगोवांगी ठाऊक आहे. चांद्याला कंडक्टरनं हाका मारल्या, खांदा हलवला, मी त्याला "अजून वेळ आहे, चालत राहा" असं सांगितलं (हे मी बायकांना सांगते) आणि पुन्हा झोपले. जाग आली तेव्हा मोटार बल्लारशाला उभी होती आणि माझं डोकं एका ढिवरणीच्या वाळक्या मासळीच्या टोपलीवर होतं. मी गडबडून उठले, तर ती म्हणाली, "झोपा बाई, झोपा. माह्या मासोळ्या कुठी पळून नाई चालल्या." आणि सांगायची गोष्ट ही, की शकुबाई सगळी झोपली होती, दाढ तेवढी जागी होती.

तिसऱ्या वेळी गोविंदानं हट्टच धरला की सोबत कुणी तरी पाहिजे. आपल्या इथल्या सुकरीला चांदा बघायचं होतं, ती निघाली. ही सुकरी गोंडाची, तिची तीनही बाळंतपणं मीच केली. वाटेत तिनं पदराच्या गाठीतले मुरमुरे काढले, मी नको नको म्हणत मूठभर खाल्ले, वर चहा घेतला. मी क्लोरोफॉर्मचा निश्चय केला होता. जागेपणी ती खुर्ची बघायचीच नव्हती. डॉक्टर चिंतलवारांनी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. तो नवाच होता. त्यानं नाकावर धरायची जाळी काढली आणि मी त्याला शिकवायला लागले. थेंब असे नका टाकू, कापड वर धरा, आधी नाडी बघा. मग त्यानं नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि विचारलं, "सकाळपासून पोटात काही नाही ना?" मी म्हटलं, मुरमुरे. "आणखी?" चहा. त्यानं जाळी पेटीत ठेवली. म्हणाला, बाई, भरल्या पोटी बेशुद्ध केलं आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाईल, शिवाय तुमची छाती घोड्यासारखी धावते आहे, मी हे करणार नाही. तो बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तर मुरमुरे खाणाऱ्या बाईला चांगलं झापलं असतं. त्यानं झापलं नाही, फक्त पेटी उचलली.

उरली सुई. डॉक्टर म्हणाले, आज नाही तर पू हाडात उतरेल, मग चांदाही पुरणार नाही. मी खुर्चीत बसले, दात आवळले, (जे आवळता येत होते ते) आणि ठरवलं की आवाज काढायचा नाही. पण जबडा उघडेना. डॉक्टर सुई घेऊन वाट बघत राहिले. तेव्हा भिंतीला टेकून बसलेली सुकरी उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, "वरडा ना बाई. काऊन दाबून राह्यल्या?"

मी दातांतल्या दातांत म्हटलं, लोक काय म्हणतील.

"माह्या टायमाले तुमी मले वरडू नाई देल्लं," सुकरी म्हणाली. रागानं नाही, हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी. "तोंडात पदर कोंबला होता. तवा दुखणं अंदरच्या अंदर फिरत राह्यलं. तुमी वरडा. मी हावो इथी."

लटारू, मी ओरडले. सुई अजून डॉक्टरांच्या हातातच होती. बाहेर बाकावर तिघं बसले होते, त्यातले दोघं उठून गेले आणि तिसरा म्हातारा कुणाचा खून होतो आहे ते बघायला आत आला. पण ओरडून झाल्यावर जबडा उघडला, तो उघडाच राहिला. सुई गेली, जागा बधिर झाली, दाढ निघाली. गोविंदा म्हणाला तशी पाच मिनिटं. डॉक्टरांनी दाढ दाखवली. सुकरी म्हणाली, "एवढीशीच?"

येताना मोटारीत सुकरी झोपली. मी जागी होते आणि हिशेब करत होते की पंधरा वर्षांत मी किती तोंडांत पदर कोंबला. "ओरडून ताकद घालवू नको" असं मला शिकवलं होतं, मी ते शिकवल्यापेक्षा जास्त पाळलं. गेल्या मंगळवारी त्याच टोल्यावर एकीची वेळ आली. मी तिला म्हटलं, ओरड. ती इतकी ओरडली की शेतातली माणसं धावत आली. मूल वेळेवर झालं, साडेसहा पौंडाचं, आणि ते आईपेक्षाही मोठ्यानं ओरडलं. मी दोघांनाही ओरडू दिलं.

बाकी क्षेम. मैनेला पापा. पत्राचं उत्तर या खेपेला खरोखर लिही.

तुझी बहीण
शकुबाई

ता. क. हे पत्र तुझ्या नावावर आहे, पण ते गिरजाचं आहे. तिला वाचता येत नाही म्हणून तू मोठ्यानं वाच, काही न गाळता. तिला सातवा लागला हे मला तुझ्याकडून नाही, तुमच्या डेपोच्या ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. आणि या वेळी ती माझ्याकडे यायचं नाही म्हणते, सिरोंच्याकडे माहेरी जाणार आहे, हेही त्यानंच सांगितलं. मैनेच्या वेळी मी तिच्या तोंडात पदर कोंबला होता आणि वर म्हटलं होतं की एवढं काय मोठंसं. त्यानंतर सव्वा महिना ती माझ्याकडे राहिली आणि कामापुरतंच बोलली. मला वाटलं, स्वभावच अबोल आहे. पण त्या वेळी तिचं रक्त फार गेलं होतं, लटारू. तिच्या माहेराजवळ दवाखाना नाही आणि आषाढात रस्ते बंद होतात. तिला वैशाखातच इकडे आणून सोड. तिला सांग, धानोऱ्यात हवं तेवढं ओरडायची मुभा आहे, आणि मी चुकले होते.

ता. क. दुसरा. तिला माझा हात नकोच असेल तर गडचिरोलीची दुसरी सुईण मी बोलावून ठेवीन. मी दाराबाहेर बसेन, तोंड बंद ठेवून. हे मला आता जमतं, एका बाजूनं ते अजून सुजलेलंच आहे.