काचेवरची नात

१५ ऑक्टोबर
महादेवीच्या फोनमधली जागा संपली. मेमरी कार्ड आणायला निघाली होती. बायको असली तरी अडाणीपणाला मर्यादा हवी. बजावलं, नातीचे, आरोहीचे, बारशापासूनचे सगळे फोटो मी लेसरने एका काचेत साठवतो. होलोग्राम. पणतवंडं बघतील. ती म्हणाली, लेकीचा फोन पाण्यात गेला, आता हे एवढेच हायत, नीट बघा. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हे ती विसरते.

१८ ऑक्टोबर
टेबल सज्ज. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फरशी. फरशीवर लेसर, आरसे, जुन्या प्रोजेक्टरची स्क्रीन. किरणाचे दोन भाग करायचे. एक फोटोतून, एक सरळ. दोन्ही काचेवर भेटले की काम झालं. फक्त काही हलता कामा नये. शेजारच्या रेवणप्पाला पिठाची गिरणी तासभर थांबवायला सांगितलं. म्हणाला, गुरुजी, तुमचा उजेड खाऊन लोकांचं प्वाट भरतंय व्हय? असल्या माणसांमुळे धाराशिवात विज्ञान रुजत नाही.

२१ ऑक्टोबर, दुपार
लाइट गेली. गिरणी गप्प. लेसर आणि स्क्रीन बॅटरीवर, खिडकीला घोंगडी. सगळे फोटो काचेत. काच काळ्या डब्यात, धुवेपर्यंत तिला उजेड लागता कामा नये. ती धुवायचं रसायन पुण्याहून यायचंय, पण ती औपचारिकता. फोनमधले फोटो स्वतः पुसले. ठेवणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
आई अणदूरहून आली. विळी, पाना, शिलाई मशीन, सगळ्याला हळदकुंकू. सुशिक्षिताच्या घरात! बजावलं, डब्याला कुंकू लावायचं नाही. म्हणाली, डब्याला कशाला लावू रं?

२५ ऑक्टोबर
रसायन आलं. काच धुतली. ठार काळी, पण मधोमध एक आकृती. लेसर धरून दोघींना दाखवली. ही बघा आरोही.
महादेवी वाकून बघत राहिली. म्हणाली, हे बोट हाय.
आई म्हणाली, व्हय, माजंच. हत्यार पुजल्याबिगर ऱ्हातंय का? डबा उघडला, कुंकू लावलं, ववाळलं. नीट दिसंना म्हणून निरांजन जरा जवळ धरलं.
निष्कर्ष: सिद्धांत बरोबर. आई चूक.

२६ ऑक्टोबर, सकाळ
लेकीचा, राजनंदिनीचा फोन. आरोहीच्या पहिल्या वाढदिवसाच्या बॅनरला बारशाचा फोटो हवाय. महादेवीला खुणावलं, सुरक्षित आहेत म्हणून सांग. तिने फोन माझ्या कानाला लावला.
रेंज नाही म्हणालो.
लेक म्हणाली, अप्पा, तुमचा आवाज स्वच्छ येतोय.